हाकेवरचं माणूस

पहिल्याच बैठकीत मी योहानभाऊंना सांगितलं, "दार लावून घ्या," आणि तिथंच माझी फजिती झाली.

नियम माझाच. ऑनलाइन समुपदेशन करायचं तर समोरच्या माणसाला एकांत हवा, कुणी कान देऊन ऐकता कामा नये, म्हणून दार बंद. पुण्या-नाशकाच्या लोकांना हे सांगावंही लागत नाही. मी इथं नंदुरबारला माझ्या खोलीत लॅपटॉपसमोर, आणि योहानभाऊ नवापूरच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या एका पाड्यावर, मुलीनं दिलेला मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून बसलेले. मी सांगितल्यावर बिचारे उठले, दार ओढलं, कडी घातली आणि परत येऊन दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. मी "जेवण झालं का?" विचारतेय तोवर दार धडाधडा वाजायला लागलं. बाहेर ही बोंबाबोंब. कुणीतरी खांद्यानं धडका देत होतं, कारण कडी नाचत होती.

अहो, त्या पाड्यावर दिवसाढवळ्या आतून दार लावतं कोण? आणि इथं तर बायको गेलेला एकटा माणूस, भर दुपार, आणि आतून कडी! लोकांच्या काळजात धस्स झालं असणार.

"उघडा हो, उघडा ते दार!" मीच ओरडले.

दार उघडलं तशी पाच-सहा माणसं आत घुसली. सगळ्यांत पुढे धडका देणारी, पदर कमरेला खोचलेली एक बाई. तिनं योहानभाऊंना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, मग मोबाईलमधल्या मला न्याहाळलं, आणि त्यांच्या बोलीत मला असं काही सुनावलं, की एक शब्द न कळूनही मी वरमले. पहिली बैठक तिथंच संपली.

माझ्या दारालाही आतून कडी असते, आणि ती लावली की आमची आई, धनुबाई, बाहेर येरझाऱ्या घालते. माझं ओरडणं ऐकून तिनं दार ठोठावलंच. "रंजी, कोणवर वरडी ऱ्हायनी वं?"

"कामवर शे मी, माय!"

"दिनभर मोबाईलमा बोली ऱ्हायनी, अन म्हने काम शे."

तर मी रंजिता. मनाच्या दुखण्यांवर बोलण्यातून उपचार करते. माझ्याकडे परवाना आहे, नोंदणीचा नंबर आहे, आणि तो मी पहिल्याच मेसेजमध्ये पाठवते, पडताळून घ्या म्हणते. कारण हल्ली मनःशांतीच्या नावाखाली कुणीही मोबाईलसमोर बसतं आणि सकाळी सकाळी गुलाबाची चित्रं पाठवतं. त्या गुलाबांची मला भयंकर चीड आहे. माणूस जेवत नाही, झोपत नाही, आणि तुम्ही त्याला गुलाब कसले पाठवता? माझं काम साधं आहे. आधी विचारायचं, जेवण, झोप, आंघोळ, बाहेर जाणं. बाकी काळजाच्या गोष्टी मागाहून.

योहानभाऊंना माझ्याकडे आणलं त्यांच्या मुलीनं, प्रिस्किलानं. ती सुरतेला एका दवाखान्यात नर्स आहे. आई, रूथबाई, पावसाळ्यात गेली. वडील तेव्हापासून जे गप्प झाले ते गप्पच. सुरतेला चला म्हटलं तर मान हलवतात, गाडीत बसा म्हटलं तर बसत नाहीत. "मॅडम, ते रडलेसुद्धा नाहीत," प्रिस्किला म्हणाली होती. "तुम्ही तेवढं त्यांना बोलतं करा."

दुसऱ्या बैठकीला दार उघडं होतं, आणि दारात सगळा पाडा. योहानभाऊ मोबाईलकडे बघत म्हणाले, "माझे अंतःकरण खिन्न आहे." घरी त्यांची बोली मावची, मराठी शिकले ते शाळेत आणि चर्चमध्ये, त्यामुळे माझ्याशी बोलताना ते उपासनेला उभे राहिल्यासारखे बोलत.

"खिन्न-बिन्न राहू द्या, भाऊ. काल रात्री काय खाल्लं?"

ते गोंधळले. मग म्हणाले, "काही नाही."

अशा दोन-तीन बैठका गेल्या. समोरासमोर चेहरा आला की या माणसाची वाचाच बसायची. आणि एके दिवशी, मिरचीच्या हंगामात खिडकीतून वाळत घातलेल्या मिरच्यांचा ठसकेदार वारा आत आला, मी खोकत खोकत खिडकी लावायला उठले, आणि मला एकदम माझे आजोबा, आबा, आठवले.

आमचं गाव प्रकाशा, तापीकाठचं. आबांकडे लोक यायचे. कुणाचं सुनेशी पटत नाही, कुणाचा भाऊ बोलत नाही, कुणाला उगाच रडू येतं. आबा काही शिकलेले नव्हते. पण आलेल्या माणसाला ते कधी ओट्यावर समोर बसवून "बोल" म्हणाले नाहीत. पायात जोडे अडकवायचे आणि म्हणायचे, "चाल भो, तापीवर जाई येऊ." दोघं निघायचे. मी फ्रॉक सांभाळत मागे. मला दिसायच्या त्या दोन पाठी, एक आबांची आणि एक त्या माणसाची. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. वाटेवर कापसाचं बोलणं, मंदिरातल्या गर्दीचं बोलणं, आणि नदी दिसायला लागली की तो माणूस हळूच बोलायला लागायचा. काय बोलायचा ते मला कधी ऐकू आलं नाही. पण परतताना त्याची चाल बदललेली असायची, एवढं मला त्या वयातही कळायचं. काय सांगू, इतकी शिकले, इतक्या परीक्षा दिल्या, पण त्या दोन पाठींसारखं काही मला अजून जमलेलं नाही. आबा जाऊन कितीतरी वर्षं झाली. अजूनही एखादी बैठक फसली की मला त्यांच्या जोड्यांचा आवाज हवासा वाटतो.

मी योहानभाऊंना म्हटलं, "ते डब्याला टेकवलेलं उचला. चित्र बंद करा. कानात ते इअरफोनचं बोंड घाला आणि मोबाईल खिशात टाका. आता चालायला लागा."

"कुठे?"

"रूथबाईंबरोबर बाजाराला जायचात ना? त्या वाटेनं."

बराच वेळ नुसता चपलांचा आवाज आला. मग ते बोलले. पहिल्यांदा आपणहून.

"या वाटेनं ती माझ्या मागे चालायची. पुढे कधी यायची नाही. मी म्हणायचो, बाजूला चाल. ती म्हणायची, तुझी पाठ बघायला बरी वाटते."

मी डोळे पुसले. चित्र बंद असल्याचा हा एक फायदा.

त्या दिवसापासून आमच्या बैठका चालत व्हायला लागल्या. लोकांना ते दिसायचे, त्यामुळे कुणी घाबरायचं नाही; ऐकू मात्र कुणाला काही यायचं नाही. टेकडी आली की त्यांचा मोबाईल हमखास गुजरातचं नेटवर्क पकडायचा आणि आवाज तुटायचा. मग ते तिथूनच मागे वळायचे. वाटेवर सागाची झाडं. पानगळ लागली तशी सुकलेली पानं चपलेखाली कुरकुरायची, आणि त्या आवाजावरून मला कळायचं, आज चाल बरी आहे की जड आहे.

आणि काय काय सांगायचे! डांबरी रस्ता नव्हता तेव्हाचे बाजाराचे दिवस. ऊसतोडीला सगळे गुजरातेत जायचे तेव्हाच्या झोपड्या, शेकोटीभोवती बसून भाजलेले मके. नाताळात गाणी म्हणत घरोघर फिरायची मंडळी. योहानभाऊ पेटी वाजवायचे, गळ्यात अडकवून, आणि रूथबाई गायच्या. "पेटी मला नीट यायची नाही, ताई," मॅडमवरून ते ताईवर आले होते. "मी चुकलो की रूथ गाता गाता हसायची. मग ढोलकीवाला मुद्दाम जोरात वाजवायचा, माझी चूक झाकायला."

"ढोलकीवाला कोण?"

पानं कुरकुरायची थांबली. "होता एक."

आता माझा दुसरा नियम सांगते, आणि हा दारासारखा बदलणारा नाही. मी नंदुरबारात, माणूस कुठल्या कुठे. त्याला काही झालं तर मी लॅपटॉपमधून हात घालू शकत नाही. म्हणून मी प्रत्येकाला विचारते, तुमच्या हाकेवरचं माणूस कोण? पंधरा मिनिटांत तुमच्यापर्यंत पोचेल असं. त्याचं नाव आणि नंबर द्या. वेळ आली तरच मी फोन करीन, एरवी नाही. नाव मिळाल्याशिवाय मी सहसा पुढे जात नाही.

योहानभाऊ हे नाव देत नव्हते. "प्रिस्किला आहे."

"ती सुरतेला. हाकेवरचं सांगा."

"माझं इथं कोणी नाही, ताई."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "कोणी नाही? मग त्या दिवशी तुमचं दार मोडायला निघालेली ती बाई कोण होती? माझा उद्धार करत होती ती?"

"ती गंगीबाई. शेजारची. दलपतची बायको."

"आणि दलपत कोण?"

खूप चालले. मग म्हणाले, "ढोलकीवाला."

हळूहळू सगळं निघालं. दलपत हिंदू, योहानभाऊ ख्रिस्ती, पण दोघं एकाच ओट्यावर वाढलेले. नाताळच्या मंडळीत ढोलकी दलपतचीच. योहानभाऊ पुढे एका कुक्कुटपालन केंद्रावर देखरेखीला लागले. एका वर्षी कोंबड्यांवर साथ आली. तोंडं झाकलेली, पांढरे कपडे घातलेली माणसं पाड्यावर आली. घरच्या कोंबड्याही मारून पुरायच्या होत्या. दलपतनं आपल्या कोंबड्या धान्याच्या कणगीत लपवल्या. योहानभाऊंना साथ म्हणजे काय ते ठाऊक होतं. त्या माणसांना घेऊन ते स्वतः दलपतच्या दाराशी गेले आणि कणगी दाखवली.

"मी बरोबर केलं की नाही?" त्यांनी मला विचारलं.

"केलंत बरोबर. पण आधी एकटे जाऊन त्याला सांगायला काय झालं होतं?"

 कणगी दाखवली त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. बायकांनी मात्र बंद केलं नाही. रूथबाई आणि गंगीबाईंचं पाणी, निंदणी, बाजार, सगळं बरोबर चालायचं. रूथबाईंना माती द्यायला दलपत आला होता. माती टाकली आणि न बोलता निघून गेला. ढोलकी मात्र इतकी वर्षं योहानभाऊंच्याच घरी खुंटीला होती. त्यानं मागितली नाही, यांनी दिली नाही.

"नंबर आहे का त्याचा?"

"तोंडपाठ आहे," ते म्हणाले, आणि आकडे घडाघडा सांगितले. ज्या माणसाशी बोलायचं नाही त्याचा नंबर तोंडपाठ! मी तो वहीत उतरवून घेतला. 

त्यानंतर ते जेवायला लागले होते, आंघोळ वेळेवर होत होती. मला वाटलं, गाडी रुळावर आली. मग त्या दुपारी त्यांचा आवाज आला तो इतका मोकळा, की मी सावरून बसले.

"ताई, रूथचं सगळं वाटून झालं. लुगडी बायांना दिली. पेटी चर्चला दिली. कोंबड्या गंगीबाईच्या खुराड्यात सोडल्या. आत्ता निघताना ढोलकीपण दलपतच्या ओट्यावर ठेवून आलो. घरात कोणी नव्हतं तेव्हा ठेवली. आता काही उरलं नाही. फार हलकं वाटतं आहे."

घरातलं एकेक वाटून टाकणारा दुःखी माणूस एकदम हलका झाला, की तो धोक्याचा इशारा असतो. हे मला पुस्तकांनी शिकवलं आणि अनुभवानं पक्कं केलं. अशा वेळी गोल गोल बोलायचं नसतं.

"योहानभाऊ, सरळ विचारते. जीव द्यायचा विचार मनात येतोय का?"

पानं कुरकुरत होती. चाल थांबली नव्हती.

"रूथ तिकडे एकटी आहे, ताई."

"आणि तुम्ही आता कुठं आहात? टेकडीवर? मागे वळा. माझं ऐका, मागे वळा आणि—"

आवाज तुटला. मी फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. बंद. दर वेळी तिथून वळणारा माणूस आज पुढे गेला होता.

 नियम अशाच वेळेसाठी केलेला असतो. मी दलपतचा नंबर फिरवला. मनात ठरवलं, यानं उचलला नाही तर लगेच पोलिसांचा एकशे बारा.

"कोण?" जाड, वैतागलेला आवाज.

"मी नंदुरबारहून रंजिता बोलतेय. योहानभाऊंनी अडीनडीला तुमचा नंबर दिलाय."

 "योहाननं? माझा?"

"हो, तुमचाच. ते टेकडीच्या वाटेनं पुढे गेलेत. फोन लागत नाही. मला त्यांच्या जिवाची काळजी वाटतेय. तुम्ही आत्ताच्या आत्ता निघा."

"बाई, माझ्या ओट्यावर ढोलकी आहे. मी आत्ताच घरी आलो, तिच्याकडेच बघत उभा आहे. ती कुणी..."

"ते त्यांनाच विचारा. निघा!"

"आमचं बोलणं नाही, बाई."

आणि माझा पारा चढला. तापीकाठची पोर आहे मी. "अहो, बोलायला कोण सांगतंय तुम्हाला? तोंड उघडू नका! नुसते बाजूनं चाला त्यांच्या. तेवढं तरी येतं ना?"

मागून गंगीबाईचा आवाज आला. तोच, दार मोडणारा. ती काय म्हणाली ते मला कळलं नाही, पण लगेच फोन बंद झाला.

मग मी एकशे बाराला पाडा आणि वाट सांगून ठेवली. प्रिस्किलाला फोन केला. ती ड्यूटीवर होती, पण लगेच म्हणाली, "निघते मी." आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही. हा या कामाचा सगळ्यात वाईट भाग. खोलीत मी, समोर काळा पडदा, खाली रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न. आबा असते तर जोडे घालून निघाले असते. मी कुठं निघू? मला त्या वेळी आबांची इतकी आठवण आली, की मी लहान पोरीसारखी मोबाईल छातीशी धरून बसले.

तो तिथंच वाजला. योहानभाऊ.

मी उचलला. कान देऊन ऐकलं. सागाची पानं कुरकुरत होती. एका माणसाच्या चपला मला पाठ होत्या. आता दोन माणसं चालत होती. एकाचा पाय जड, एकाचा फरपटत, पण बरोबरीनं. आणि अधूनमधून कशावर तरी कसला तरी धप्प असा आवाज.

"भाऊ? कुठं आहात?"

"घराकडे वळलो आहोत, ताई." ते म्हणाले.  "दलपत आहे बरोबर. ढोलकी गळ्यात अडकवून धावत आला. चालताना त्याच्या गुडघ्यावर आपटते आहे."

"बोलला का काही?"

"पुष्कळ वेळ नाही बोलला. नुसता बाजूनं चालला." योहानभाऊ थांबले, आणि मग ते रडायला लागले. रूथबाई गेल्यापासून न रडलेला माणूस, त्या वाटेवर, हुंदके देऊन. मी थांबवलं नाही. दलपतनंही थांबवलं नसावं. रडणं ओसरल्यावर ते म्हणाले, "आत्ता बोलला. म्हणाला, ही तुझ्याच घरी राहू दे. नाताळला न्यायला येईन."

फेब्रुवारी चालू होता. नाताळ केवढा लांब होता!

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"ये म्हणालो."

मी खुर्चीत मागे टेकले. मग मी माझ्या कामाचं बोलले, बोलायलाच हवं होतं. आज रात्री एकटं राहायचं नाही. प्रिस्किला येतेय. उद्या ती तुम्हाला नंदुरबारला डॉक्टरांकडे आणेल, औषध लागलं तर घ्यायचं, तिथं मीही येईन, समोरासमोर भेटू. ते सगळ्याला हो म्हणाले. गंगीबाईनं आज जेवायला बोलावलंय, असंही सांगितलं.

"ताई, आजची बैठक इथंच थांबवू का? बरोबर माणूस आहे."

"मग माझ्याशी काय बोलत बसलात? ठेवा फोन!"

त्यांनी फोन न तोडताच खिशात टाकला. पानं कुरकुरत राहिली. मग दलपत काहीतरी म्हणाला, त्यांच्या बोलीत, आणि योहानभाऊ काहीतरी म्हणाले. फार ऐकावंसं वाटलं. पण दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नाही हा माझाच नियम. मी फोन ठेवला आणि ओंजळीत तोंड घालून रडले.

बाहेरून दार वाजलं.

"रंजी, रडी ऱ्हायनी का वं?"

"हां, माय."

"दार उघड मंग."

मी उठले आणि कडी काढली.